एन्झाइम दिलं की केमोचा जोर वाढतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईला मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता, ऑपरेशन होऊन गाठ काढली आणि आता कॅपेसिटाबीनच्या गोळ्या, म्हणजे तोंडाने घ्यायची केमो, चालू आहेत. मुलाने कुठेतरी वाचलं की एन्झाइम, म्हणजे शरीरातले रासायनिक बदल घडवून आणणारं प्रथिन, वापरून कॅन्सरची औषधं जास्त परिणामकारक करता येतात. तो विचारतो, असं एन्झाइम आईला देता येईल का? आणि औषधाच्या दुकानात ज्या एन्झाइमच्या गोळ्या मिळतात, त्या केमोसोबत चालू केल्या तर?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे, म्हणून ते आधी: चालू करू नका. का, ते पुढे सांगतो. पहिल्याचं उत्तर ऐकून मात्र तुम्हाला गंमत वाटेल. आईच्या उपचारात एन्झाइम आधीपासूनच आहे. एक सोडून तीन आहेत. ती बाहेरून द्यावी लागत नाहीत, आईच्या शरीरातच आहेत, आणि तिची गोळी त्या तिघांच्या भरवशावर बनवलेली आहे.

कॅपेसिटाबीन गिळल्यावर आतड्यातून जसंच्या तसं रक्तात जातं. या अवस्थेत ते कॅन्सरच्या पेशीचं काहीच वाकडं करू शकत नाही. लिव्हरमध्ये कार्बोक्सिलएस्टरेज नावाचं एन्झाइम त्याचा एक तुकडा तोडतं. मग सायटिडीन डीअमिनेज, जे लिव्हरमध्येही असतं आणि गाठीतही, त्यात दुसरा बदल करतं. शेवटचा हात थायमिडीन फॉस्फोरिलेजचा. तो लागला की तयार होतं ५-फ्लुओरोयुरॅसिल, म्हणजे आम्हा डॉक्टरांच्या बोलण्यातलं ५-एफयू. १९५७ पासून माहीत असलेलं, सलाईनमधून देतात ते जुनं औषध. हे तिसरं एन्झाइम बऱ्याच गाठींमध्ये आजूबाजूच्या निरोगी भागापेक्षा जास्त असतं, आणि गोळी बनवणाऱ्यांनी नेमका त्याचाच फायदा घेतला. आतड्याच्या कॅन्सरच्या काही पेशंटना ऑपरेशनच्या आधी काही दिवस ही गोळी देऊन नंतर काढलेल्या गाठी तपासल्या, तेव्हा गाठीत ५-एफयूचं प्रमाण शेजारच्या चांगल्या आतड्याच्या सरासरी तिप्पट सापडलं. लिव्हरमध्ये पसरलेल्या गाठींत मात्र हा फरक बराच कमी होता. म्हणजे युक्ती सगळीकडे सारखी चालत नाही, हेही त्याच अभ्यासाने दाखवलं.

अशा झोपलेल्या औषधाला आम्ही प्रोड्रग म्हणतो. झोपेत द्यायचं आणि हव्या त्या ठिकाणी जागं करायचं. एन्झाइम आणि केमो यांचं नातं समजायला एवढी एक गोष्ट पुरते. एन्झाइम औषधात ताकद भरत नाही. औषध कुठे जागं होणार, किती वेळ जागं राहणार आणि कुठे पुन्हा झोपणार, हे ते ठरवतं. कॅन्सरच्या औषधांत मारक ताकदीचा तुटवडा कधीच नव्हता. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ही खरी अडचण आहे.

ही गोष्ट ज्यांना सगळ्यात आधी कळली, त्यांना ती जरा महागातच कळली. गर्ट्रूड इलियन आणि जॉर्ज हिचिंग्स यांनी रक्ताच्या कॅन्सरसाठी ६-मर्कॅप्टोप्युरीन बनवलं. शरीरातलं झँथीन ऑक्सिडेज हे एन्झाइम त्या औषधाचा बराच भाग निकामी करतं, हे त्यांच्या लक्षात आलं. मग विचार अगदी सरळ होता: ते एन्झाइम अडवलं तर औषध जास्त टिकेल आणि जास्त काम करेल. त्यासाठी त्यांनी ॲलोप्युरिनॉल पुढे आणलं. एन्झाइम अडलं, औषध टिकलं, ल्युकेमियाच्या पेशी जास्त मेल्या. पण अस्थिमज्जेतल्या चांगल्या पेशीही तेवढ्याच प्रमाणात जास्त मेल्या. पदरात पडलं एवढंच, की तोच परिणाम कमी डोसमध्ये मिळायला लागला. पेशंटचा नफा शून्य. झँथीन ऑक्सिडेज यूरिक ॲसिडही बनवतं, म्हणून ॲलोप्युरिनॉल पुढे गाऊटचं औषध झालं आणि आजवर त्याच कामाला आहे. दोघांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. आजही ६-मर्कॅप्टोप्युरीन चालू असलेल्या मुलाला कुणी न सांगता ॲलोप्युरिनॉल सुरू केलं तर आमच्या पोटात गोळा येतो, कारण दोन्ही बरोबर द्यायची वेळ आली तर पहिल्याचा डोस तिसऱ्या किंवा चौथ्या हिश्श्यावर आणावा लागतो. "औषध जास्त परिणामकारक झालं" असं कुठे वाचलं की मला हीच गोष्ट आठवते. परिणाम कुणावर जास्त झाला, ते विचारायचं.

उलट प्रकारही घडतो, अंदाज चुकतो आणि औषध लागू पडतं. १९५८ च्या सुमारास जर्मनीत सायक्लोफॉस्फामाइड बनवलं गेलं, ते या आशेने की गाठींमध्ये एक ठरावीक एन्झाइम जास्त असतं आणि ते याला तिथेच जागं करेल. प्रत्यक्षात ते जागं होतं लिव्हरमध्ये. कल्पना साफ चुकली, औषध मात्र साठ वर्षांनंतरही ब्रेस्ट कॅन्सरपासून लिम्फोमापर्यंत, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कॅन्सरपर्यंत, वापरात आहे. त्याचं कारणही एन्झाइमच आहे. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींमध्ये अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज भरपूर असतं, ते या औषधाचा जागा झालेला अवतार विझवतं. त्यामुळे प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी पडल्या तरी त्या बहुधा परत उभ्या राहतात. ठरवून केलेलं नव्हतं ते. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचं.

आता पुन्हा आईच्या गोळीकडे येतो, कारण तिच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं एन्झाइम अजून सांगायचं राहिलं आहे. तीन एन्झाइम्स ५-एफयू तयार करतात, चौथं ते संपवतं. त्याचं नाव डायहायड्रोपिरिमिडीन डिहायड्रोजिनेज, आम्ही डीपीडी म्हणतो. शरीरात तयार झालेल्या ५-एफयूपैकी ८० टक्क्यांहून जास्त भाग हे एन्झाइम, मुख्यतः लिव्हरमध्ये, निकामी करतं. आता कुणाचं हे एन्झाइम जन्मतःच अर्धवट असेल तर? नेहमीचा डोस त्या माणसासाठी कितीतरी मोठा होतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये सल्ला दिला की ५-एफयू किंवा कॅपेसिटाबीन सुरू करण्याआधी डीपीडीची तपासणी करावी. त्यांच्या आकड्यांनुसार युरोपीय वंशाच्या लोकांत ९ टक्क्यांपर्यंत हे एन्झाइम कमी असतं आणि अर्ध्या टक्क्यापर्यंत लोकांत ते मुळीच नसतं. ज्यांच्यात मुळीच नाही, त्यांना हे औषध द्यायचंच नाही. नेहमीच्या जनुकीय तपासणीत जे चार बदल शोधतात ते मुख्यतः युरोपीय लोकांत सापडलेले आहेत, म्हणून तो रिपोर्ट नॉर्मल आला तरी मी पहिल्या सायकलमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या पहिल्या फेरीत, पेशंटवर डोळा ठेवतोच. चुकून फार मोठा डोस गेला किंवा सुरुवातीलाच भयंकर त्रास झाला, तर युरिडीन ट्रायॲसिटेट नावाचा उतारा आहे. तो शेवटच्या डोसनंतर ९६ तासांच्या आत सुरू करावा लागतो.

डीपीडी जाणूनबुजून अडवलं तर काय होतं, याचा एक फार वाईट धडा जपानमध्ये मिळाला. १९९३ मध्ये तिथे सोरिव्हुडीन नावाचं नागिणीवरचं औषध बाजारात आलं. कॅन्सरच्या पेशंटना नागीण बऱ्याचदा होते, आणि त्यांतले बरेच ५-एफयूच्या गटातली गोळी घेत होते. सोरिव्हुडीनपासून आतड्यातले जंतू जो पदार्थ बनवतात, तो डीपीडीला कायमचा चिकटतो. औषध बाजारात आल्यापासून थोड्याच दिवसांत पंधरा पेशंट गेले. कुणीही केमोचा डोस वाढवलेला नव्हता. फक्त केमो विझवणारं एन्झाइम बंद पडलं होतं.

तरीही हेच एन्झाइम मोजून-मापून अडवणारी गोळी आज वापरात आहे. एस-१ नावाच्या गोळीत तीन घटक असतात. तेगाफूर हे झोपलेलं औषध, जिमेरासिल डीपीडीला अडवतं, आणि ओटेरासिल आतड्याच्या अस्तरात ५-एफयूला जागं होऊ देत नाही, म्हणजे जुलाब कमी व्हावेत. एकीकडे दार उघडायचं, दुसरीकडे लावायचं, तेही एकाच गोळीत. ट्रायफ्ल्युरिडीन-टिपिरॅसिलची जोडगोळी तर आणखी मजेची. आईच्या गोळीला जागं करणारं जे तिसरं एन्झाइम, थायमिडीन फॉस्फोरिलेज, तेच ट्रायफ्ल्युरिडीनला मोडून टाकतं, म्हणून टिपिरॅसिल त्याला अडवतं. एका औषधाचा मित्र तो दुसऱ्याचा शत्रू. "अमुक एन्झाइम कॅन्सरवर चांगलं" असं वाक्य कुठे दिसलं तर पुढचं न वाचता पान उलटलं तरी चालेल.

आईच्या उपचारात पुढे कधी इरिनोटेकन हे केमोचं औषध आलं तर तिथेही हाच खेळ आहे, फक्त त्यात एक तिसरा भिडू असतो. इरिनोटेकन लिव्हरमधल्या एन्झाइमने जागं होतं, त्याचं जे रूप तयार होतं ते मूळ औषधापेक्षा शंभर ते हजार पट तीव्र असतं. मग युजीटी-१ए१ हे एन्झाइम त्याला साखरेचा एक तुकडा जोडून निकामी करतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं. इथे प्रकरण संपायला हवं. पण आतड्यातल्या जंतूंकडे बीटा-ग्लुक्युरोनिडेज असतं, ते हा साखरेचा तुकडा सोडवून खातात, आणि विझलेलं औषध आतड्याच्या आत पुन्हा पेटतं. इरिनोटेकननंतर काही दिवसांनी लागणाऱ्या जुलाबांचं एक मोठं कारण हे. २०१० मध्ये उंदरांवर दाखवलं गेलं की फक्त जंतूंचं हे एन्झाइम अडवलं, जंतूंना मारलं नाही, तरी आतड्याची हानी कमी होते. औषधाचा परिणाम न वाढवता त्रास कमी केला तर पूर्ण डोस वेळेवर देता येतो. माझ्या हिशेबात हेही औषध "जास्त परिणामकारक" करणंच आहे.

हे सगळं शरीरात आधीच असलेल्या एन्झाइम्सबद्दल झालं. तुम्ही जे वाचलंत ते बहुधा बाहेरून दिलेल्या एन्झाइमबद्दल असणार. त्यातलं सगळ्यात जुनं आणि यशस्वी उदाहरण म्हणजे ॲस्पॅरॅजिनेज, आणि ते तर स्वतःच औषध आहे. १९५३ मध्ये जॉन किड यांना दिसलं की गिनीपिगच्या रक्तातला सीरम टोचला की उंदरांमधला लिम्फोमा विरघळतो. ससा किंवा घोडा यांच्या सीरमने काही होत नव्हतं. पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन ब्रूम यांनी दाखवलं की गिनीपिगच्या सीरममध्ये ॲस्पॅरॅजिनेज असतं आणि करामत त्याची आहे. आपल्या बहुतेक पेशी ॲस्पॅरॅजीन हे अमिनो आम्ल स्वतः बनवतात. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या बऱ्याच पेशींना ते नीट जमत नाही, त्या रक्तातलं उचलून खातात. एन्झाइमने रक्तातलं ॲस्पॅरॅजीन संपवलं की त्यांची रसद तुटते.

हे दुसऱ्या औषधासोबत देताना क्रम किती महत्त्वाचा ठरतो, ते पाहण्यासारखं आहे. मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध आधी आणि ॲस्पॅरॅजिनेज दुसऱ्या दिवशी दिलं तर दोघं एकमेकांना पूरक ठरतात. उलट केलं, आधी एन्झाइम आणि लगेच मेथोट्रेक्सेट, तर पेशींची वाढच थांबलेली असते, आणि मेथोट्रेक्सेट वाढणाऱ्या पेशीलाच मारतं. औषधं तीच, डोस तेच, आणि दुसऱ्याचा परिणाम जवळजवळ वाया. वॉर्डात नवीन आलेल्या डॉक्टरांना मी हा क्रम तोंडपाठ करायला लावतो.

ॲस्पॅरॅजिनेज जंतूंपासून काढतात, त्यामुळे शरीर त्याला परकं मानतं. काहींना अंगावर पित्त उठतं, धाप लागते, रिॲक्शन येते. ती दिसते तरी. न दिसणारा प्रकार जास्त घातक. एका मुलाला आम्ही हे इंजेक्शन देत होतो. पहिल्यापेक्षा नंतरचे डोस इतके सुरळीत गेले की आई-वडील खूश, नर्स खूश, आम्हीही खूश. त्याच्या रक्तातली एन्झाइमची पातळी तपासली तर जवळजवळ शून्य. अंगावर एक पुरळ न येता त्याच्या शरीराने अँटिबॉडी तयार केल्या होत्या आणि इंजेक्शन आत गेल्या गेल्या निकामी होत होतं. आम्ही अर्विनिया या वेगळ्या जंतूपासून काढलेल्या एन्झाइमवर गेलो आणि पातळी परत आली. तेव्हापासून "पेशंटला काही त्रास नाही" हे वाक्य ऐकलं की मी आधी पातळीचा रिपोर्ट मागतो.

बाहेरच्या एन्झाइमने गाठीतच केमो तयार करण्याची कल्पना लंडनच्या केनेथ बॅगशॉ यांनी १९८० च्या दशकात मांडली. गाठीला चिकटणाऱ्या अँटिबॉडीच्या पाठीवर जंतूंचं एक एन्झाइम बसवायचं. ते गाठीत जाऊन बसलं की उरलेलं रक्तातून जाईपर्यंत थांबायचं, आणि मग झोपलेलं औषध द्यायचं. जिथे एन्झाइम, तिथेच औषध जागं. कागदावर इतकी सुंदर कल्पना मी क्वचित पाहिली आहे. पेशंटमध्ये दोन गोष्टी आडव्या आल्या. रक्तात थोडं जरी एन्झाइम उरलं तरी औषध तिथेच जागं होऊन अस्थिमज्जेला बाधतं. आणि जंतूंच्या एन्झाइमविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या की दुसरी-तिसरी फेरी देता येत नाही. काही गाठी आकसल्या, पण नेहमीचा उपचार म्हणून हे उभं राहिलं नाही. एन्झाइमऐवजी त्याचं जनुक व्हायरसमधून मेंदूच्या गाठीत पोचवण्याचे प्रयत्नही झाले. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरवरच्या मोठ्या चाचण्यांत त्यांनी आयुष्य वाढवल्याचं दिसलं नाही.

बॅगशॉ यांनी वापरलेलं ते एन्झाइम म्हणजे कार्बोक्सिपेप्टिडेज-जी२. त्याचं पुढे काय झालं, ते मला फार आवडतं. ते आज ग्लुकार्पिडेज या नावाने वापरात आहे, आणि काम बरोबर उलटं करतं, केमो विझवण्याचं. हाडांच्या कॅन्सरमध्ये मेथोट्रेक्सेट प्रचंड डोसमध्ये देतात. ते किडनीतून बाहेर पडायला हवं. कधीकधी किडनीच बसते आणि औषध रक्तात अडकून राहतं. लघवी कमी, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनीन चढतंय, ४८ तासांनंतरची पातळी खाली यायचं नाव घेत नाही, अशा रात्री आम्ही काढल्या आहेत. ग्लुकार्पिडेजचं एक इंजेक्शन, वजनाच्या किलोमागे ५० युनिट, पाच मिनिटांत शिरेतून. पंधरा मिनिटांत रक्तातलं मेथोट्रेक्सेट ९७ टक्क्यांहून जास्त उतरतं.

इथे मात्र दोन फसवे खड्डे आहेत. मेथोट्रेक्सेटचा उतारा म्हणून ल्युकोव्होरिन चालूच असतं, आणि ग्लुकार्पिडेज त्यालाही मोडतं. म्हणून दोन तास आधी आणि दोन तास नंतर ल्युकोव्होरिन द्यायचं नाही. दुसरा खड्डा लॅबमध्ये आहे. मेथोट्रेक्सेट मोडल्यावर जो तुकडा उरतो, त्याला नेहमीची तपासणी मेथोट्रेक्सेटच समजते. त्यामुळे पुढचे ४८ तास पातळी खोटी जास्त दिसते. हे माहीत नसलेल्या रात्रपाळीच्या डॉक्टरने इंजेक्शन फुकट गेलं असं समजून फोन केला, तर त्याला रागावू नये. मीही एके काळी तो फोन केलेला आहे.

याच्या शेजारीच आणखी एक एन्झाइम ठेवायला हवं, रासब्युरिकेज. रक्ताच्या कॅन्सरमध्ये केमोने एकदम खूप पेशी फुटल्या की यूरिक ॲसिड चढून किडनी बंद पडते. हे एन्झाइम त्याला पाण्यात सहज विरघळणाऱ्या पदार्थात बदलतं, त्यामुळे पहिली केमो न घाबरता पूर्ण देता येते. ज्यांना जी-६-पीडी या लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता आहे त्यांना ते द्यायचं नाही, लाल पेशी फुटतात. रक्ताचा नमुना बर्फात ठेवून लॅबला पाठवायचा, कारण ते नळीतही काम करत राहतं. टेबलावर अर्धा तास राहिलेल्या नळीचा रिपोर्ट फार गोड येतो आणि तो खोटा असतो.

बातम्यांमध्ये सध्या सगळ्यात जास्त येतं ते हायल्युरोनिडेज. त्याच्याबद्दल गैरसमजही तितकेच. आपल्या पेशींच्या मधल्या जागेत हायल्युरोनिक ॲसिडची दाट जाळी असते. त्यामुळे कातडीखाली दोन-चार मिलीहून जास्त औषध मावत नाही, गाठ येते. हायल्युरोनिडेज ती जाळी तेवढ्यापुरती मोकळी करतं, आणि एक-दोन दिवसांत जाळी पुन्हा विणली जाते. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरमध्ये दाराटुमुमॅब या औषधाचं पहिलं सलाईन साधारण सात तास चालतं. तेच औषध या एन्झाइमसोबत पोटाच्या कातडीखाली, १५ मिली, तीन ते पाच मिनिटांत दिलं जातं. बेंबीपासून चार बोटं लांब, हळूहळू, पेशंटशी गप्पा मारत. दोन्ही पद्धतींची थेट तुलना झाली तेव्हा कॅन्सरवरचा परिणाम सारखाच निघाला, मात्र इंजेक्शनच्या वेळची रिॲक्शन सुमारे ३४ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आली. ट्रास्टुझुमॅब आणि रिटुक्सिमॅब या कॅन्सरच्या औषधांचीही अशी इंजेक्शनं आहेत. इथे एन्झाइम औषधाला आत यायला वाट करून देतं आणि पेशंटचा अख्खा दिवस वाचवतं. औषध जास्त जोरात काम करत नाही. खुर्चीत सात तास बसून पाठ मोडलेल्या माणसाला विचारा, त्याच्यासाठी हे थोडकं नाही.

मग साहजिक पुढचा विचार आला: गाठीतली जाळीच तोडली तर? स्वादुपिंडाच्या गाठींमध्ये ही जाळी इतकी दाट असते की आतल्या दाबाने रक्तवाहिन्या चेपतात आणि केमो आत पोचत नाही. हायल्युरोनिडेजला पॉलिथिलीन ग्लायकॉलची शेपटी जोडून ते रक्तात टिकेल असं केलं. उंदरांमध्ये चेपलेल्या रक्तवाहिन्या उघडल्या. सुरुवातीच्या चाचण्यांनी आशा दाखवली, आणि खरं सांगतो, मीही भारावलो होतो, कारण स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये आमच्या हातात फार थोडं असतं. ज्यांच्या गाठीत हायल्युरोनिक ॲसिड भरपूर आहे अशा ४९४ पेशंटवर मोठी चाचणी झाली. २०१९ मध्ये निकाल आला. गाठ आकसण्याचं प्रमाण थोडं वाढलं होतं. सरासरी आयुष्य एन्झाइमसह ११.२ महिने, त्याच्याशिवाय ११.५. दुसऱ्या एका चाचणीत ते जास्त कडक केमोसोबत दिलं, तिथे तर १४.४ महिन्यांच्या जागी ७.७. पेशंटना त्रास जास्त झाला, केमो कमी देता आली. दार उघडल्यावर आत काय जाईल आणि बाहेर काय येईल, यावर आपला ताबा नसतो.

ज्या जागी ही युक्ती खरंच बसली ती वेगळीच निघाली. अँटिबॉडीला केमो एका नाजूक दुव्याने बांधायची, आणि तो दुवा तोडायचं काम पेशीच्या पोटातल्या एन्झाइमवर सोपवायचं. ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन २०११ पासून हॉजकिन्स लिम्फोमासाठी आहे. त्याचा दुवा व्हॅलीन आणि सिट्रुलीन या दोन अमिनो आम्लांचा, तो पेशीतलं कॅथेप्सिन-बी तोडतं. ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकनचा दुवा चार अमिनो आम्लांचा, एकेका अँटिबॉडीवर साधारण आठ केमोचे रेणू. पेशी अँटिबॉडीला गिळते, पोटात एन्झाइम दुवा कापतं, केमो सुटते. एन्झाइम पेशीचंच असल्याने परकं म्हणून अँटिबॉडी होत नाहीत. बॅगशॉ यांच्या कल्पनेला अडवणारा एक मोठा दगड असा बाजूला झाला. दुष्परिणाम यातही आहेत, डेरुक्स्टेकनमध्ये फुप्फुसाला येणारी सूज आम्ही फार जपून पाहतो.

आता दुकानातल्या गोळ्या. त्यांत बहुधा ब्रोमेलेन, पपेन, ट्रिप्सिन असं काहीतरी असतं. वर सांगितलेली बाहेरची सगळी एन्झाइम्स इंजेक्शनने दिली जातात, यामागे साधं कारण आहे. एन्झाइम हे प्रथिन आहे, गिळलं की पचतं. थोडंफार रक्तात गेलं तरी ते गाठ शोधत जात नाही. एन्झाइमने कॅन्सर हटवायच्या कल्पनेला शंभराहून जास्त वर्षं झाली आहेत. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये एन्झाइमच्या गोळ्या, खास आहार आणि पूरक गोळ्यांचा एक उपचार केमोशी ताडून पाहिला गेला, निकाल २०१० मध्ये छापून आला. पेशंटनी स्वतः बाजू निवडली होती, हे लक्षात ठेवायला हवं. पण केमो घेणाऱ्यांचं आयुष्य सरासरी १४ महिने निघालं, एन्झाइमवाल्यांचं ४.३ महिने. ब्रोमेलेनने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, आणि केमोमध्ये प्लेटलेट्स उतरलेल्या असताना ती जोखीम कशाला? एक अपवाद मात्र पक्का आहे. स्वादुपिंडाचा कॅन्सर असेल किंवा त्याचं ऑपरेशन झालं असेल, शौच तेलकट, चिकट होत असेल, वजन घसरत असेल, तर पॅन्क्रियाटिनच्या, म्हणजे पचनाच्या एन्झाइम्सच्या, कॅप्सूल जेवणासोबत द्याव्याच लागतात. त्या अन्न पचवायला असतात. तुमच्या आईचं स्वादुपिंड ठीक आहे, तिला त्यांची गरज नाही.

तिच्यासाठी आणखी एक गोष्ट विचारा, जी कुणी विचारत नाही: मल्टिव्हिटॅमिन चालू आहे का, आणि त्यात फोलिक ॲसिड किती? ५-एफयू पेशीतल्या थायमिडिलेट सिंथेज या एन्झाइमला पकडतं, आणि फोलेट ती पकड घट्ट करतं. सलाईनच्या ५-एफयूसोबत आम्ही ल्युकोव्होरिन, जे फोलेटचंच एक रूप आहे, मुद्दाम देतो ते यासाठीच, तेव्हा डोस तसा बसवलेला असतो. कॅपेसिटाबीनवर घरच्या घरी फोलिक ॲसिडची मोठी गोळी सुरू केली तर त्रास वाढतो. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर तेही आधी सांगा, कारण या गोळीने त्याचा परिणाम बेसुमार वाढू शकतो. डीपीडीची तपासणी झाली नसेल तर पुढच्या भेटीत विचारा. दोन सायकल सुरळीत गेल्या असतील तर घाबरण्याचं कारण बरंच कमी आहे.

गोळ्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, सकाळ-संध्याकाळ बारा तासांच्या अंतराने. राहिलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट करून घ्यायची नाही. रोज तळहात आणि तळपाय बघा. नुसती लाली असेल तर मलम लावा आणि नोंद ठेवा. दुखायला लागून चालणं किंवा हातात वस्तू धरणं अवघड झालं, नेहमीपेक्षा दिवसाला चार जुलाब जास्त झाले, रात्री उठून जावं लागलं, तोंड इतकं आलं की जेवता येत नाही, किंवा ताप १०० च्या वर गेला, तर त्या वेळची गोळी घ्यायची नाही, आधी फोन करायचा. दोन दिवस गोळी थांबल्याने कॅन्सर परत येत नाही. पण जुलाब चालू असताना "कोर्स अर्धवट सोडायचा नाही" म्हणून गोळ्या घेत राहिलेले पेशंट मी आयसीयूमध्ये पाहिले आहेत.

छातीत दुखलं तर मात्र फोनची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या, आणि तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की आई कॅपेसिटाबीनवर आहे.